लिनक्सवर ब्राइटनेसची बटणं चालत नाहीत: बिघाड बटणाकडे की दिव्याकडे?

लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की वायफाय, आवाज, टचपॅड हे सगळं बहुतेकदा पहिल्या झटक्यात चालू होतं. अडतं ते ब्राइटनेसच्या बटणांवर. सूर्याचं चित्र असलेलं बटण दाबत राहावं आणि स्क्रीनचा उजेड तसूभरही हलू नये, हा अनुभव आजही अनेकांना येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ऑफिसातून निघालेला जुना लॅपटॉप स्वस्तात आणून त्यावर उबंटू किंवा मिंट टाकणाऱ्या विद्यार्थ्यांना तर हमखास. उपाय शोधायला गेलं की ग्रबमध्ये (लॅपटॉप सुरू होताना लिनक्स चालू करून देणारा प्रोग्रॅम) अमुक ओळ घाला, तमुक नावाची फाइल बनवा, हे पॅकेज टाका, असे ढीगभर तोडगे सापडतात. त्यातला प्रत्येक तोडगा कुणाच्या ना कुणाच्या लॅपटॉपवर खरोखर चाललेला असतो. तुमच्याकडे तो चालेलच असं नाही, कारण वरून दिसणारं लक्षण एकच असलं तरी आतले बिघाड वेगवेगळे असतात. म्हणून माझं ठाम म्हणणं असं की, बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे हे कळेपर्यंत एकही ओळ बदलू नये. ते कळायला फार वेळही लागत नाही.

एक सूचना आधीच देतो. खाली आज्ञा आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची, आणि वेगळं सांगितलं नसेल तर सगळी लहान अक्षरांत. स्लॅश, अंडरस्कोर आणि बरोबरचं चिन्ह जिथे दिसतं तिथे तसंच ठेवायचं.

बटणापासून दिव्यापर्यंतची वाट

एलसीडी पॅनेल स्वतः उजेड देत नाही. त्याच्या कडेला एलईडींची पट्टी असते, तिला बॅकलाइट म्हणतात. उजेड कमी करायचा म्हणजे बहुतेक लॅपटॉपांत ही पट्टी सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद होते आणि त्यातला चालू राहण्याचा वाटा कमी केला जातो. डोळ्याला तो मंद उजेड वाटतो.

बटणाची या पट्टीशी थेट तार जोडलेली नसते. बटण दाबलं की ते आधी एम्बेडेड कंट्रोलर नावाच्या छोट्या चिपला कळतं. कीबोर्ड, पंखा, बॅटरीचं चार्जिंग या सगळ्यावर लक्ष ठेवणारी ही चिप. ती ही खबर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, तीनपैकी एका वाटेने देते. एक म्हणजे साध्या अक्षराच्या बटणासारखा स्कॅनकोड, म्हणजे बटणाचा आकडा, पाठवते. दुसरी वाट एसीपीआयची. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ साली आणलेली ही व्यवस्था ऑपरेटिंग सिस्टिम आणि लॅपटॉपचं फर्मवेअर (कंपनीने आत बसवून दिलेलं मूळ सॉफ्टवेअर) यांच्यातला व्यवहार ठरवते. तिसरी वाट डब्ल्यूएमआयची. तिथे प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, म्हणून कर्नलमध्ये डेल, एचपी, आसुस यांच्यासाठी वेगवेगळे ड्रायव्हर आहेत.

खबर कुठल्याही वाटेने आली तरी कर्नल तिचं रूपांतर एकाच गोष्टीत करतो: 'ब्राइटनेस वाढवा' म्हणजे कोड २२५, 'कमी करा' म्हणजे कोड २२४. हा कोड ग्नोम, केडीई, एक्सएफसीई असा जो डेस्कटॉप (खिडक्या आणि मेनू दाखवणारा भाग) असेल त्याच्याकडे जातो. डेस्कटॉप मग एका ठरावीक फाइलीत नवा आकडा लिहायला लावतो आणि ड्रायव्हर त्या आकड्याप्रमाणे दिवा मंद-प्रखर करतो.

म्हणजे प्रश्न दोनच उरतात. बटणाची खबर डेस्कटॉपपर्यंत पोचते का? आणि आकडा लिहिल्यावर दिवा ऐकतो का?

टर्मिनल न उघडताही याचा बराच अंदाज येतो. बटण दाबल्यावर स्क्रीनवर ब्राइटनेसची पट्टी उमटते, खालीवरही होते, पण उजेड तोच राहतो: बटण ठणठणीत आहे, बिघाड दिव्याच्या बाजूला. पट्टी उमटतच नाही, पण वरच्या मेनूतला स्लायडर माउसने सरकवला की उजेड नीट बदलतो: दिवा ठीक, बिघाड बटणाच्या बाजूला. मेनूत स्लायडरच नाही: कर्नलला बॅकलाइट सापडलेलाच नाही. या तिन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

दिवा ऐकतो का?

टर्मिनल उघडा आणि 'एलएस /सिस/क्लास/बॅकलाइट' असं लिहा. इंटेल ग्राफिक्स असेल तर बहुधा इंटेल_बॅकलाइट असं नाव दिसेल, एएमडी असेल तर एएमडीजीपीयू_बीएल० किंवा बीएल१. काही लॅपटॉपांवर एसीपीआय_व्हिडिओ० हे नाव त्याच्या जोडीला किंवा एकटंच दिसतं.

हे प्रत्येक नाव म्हणजे एक फोल्डर. त्यात मॅक्स_ब्राइटनेस नावाची फाइल असते, ती 'कॅट'ने वाचली की कमाल आकडा कळतो. ब्राइटनेस नावाच्या फाइलीत सध्याचा आकडा असतो. एकाच लॅपटॉपवर एका फोल्डरात कमाल ४८८२ आणि दुसऱ्यात फक्त १५ असे आकडे दिसले तरी गोंधळू नका. प्रत्येक ड्रायव्हरची मोजपट्टी आपापली असते.

आता कमाल आकड्याच्या साधारण निम्मा आकडा तिथे लिहून बघायचा. कमाल ४८८२ असेल तर 'इको २४०० | सुडो टी /सिस/क्लास/बॅकलाइट/इंटेल_बॅकलाइट/ब्राइटनेस' असं लिहायचं, आकडे अर्थात इंग्रजी अंकांत. 'सुडो' म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं. मधली उभी रेघ आणि 'टी' (टी-ई-ई) महत्त्वाची. 'सुडो इको' लिहून पुढे 'पेक्षा मोठे' हे चिन्ह (>) दिलं तर परवानगी नाकारली जाते, कारण फाइल उघडण्याचं काम तुमचा साधा शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) करतो, सुडो नाही. या एका बारकाव्यामुळे अनेक जण 'फाइलच लिहिता येत नाही' असा चुकीचा निष्कर्ष काढून पुढच्या तोडग्याकडे धावतात.

शून्य मात्र लिहू नका. काही पॅनेलांवर शून्य म्हणजे अगदी मंद, तर काहींवर दिवा पूर्ण बंद. चुकून लिहिलं गेलंच तर घाबरायचं कारण नाही, लॅपटॉप पुन्हा सुरू केला की झालं. सिस्टिमडीची (लिनक्समधल्या सेवा चालू-बंद करणारी व्यवस्था) एक सेवा बंद होताना ब्राइटनेसचा आकडा जपून ठेवते आणि सुरू होताना परत लावते, पण तो फारच कमी असेल तर वर उचलून कमाल मर्यादेच्या ५ टक्क्यांवर आणते.

आकडा लिहिला आणि उजेड बदलला, तर दिवा आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक आहेत. नाही बदलला आणि तिथे दुसरं फोल्डर असेल, तर त्यात हीच चाचणी करा. एकाला दिवा जुमानत नाही आणि दुसऱ्याला लगेच ऐकतो, असं दिसलं की बिघाड सापडला म्हणून समजा.

एका दिव्याला दोन मालक

हे समजायला एक खोली डोळ्यांसमोर आणा. भिंतीवर पंख्याचे दोन रेग्युलेटर आहेत, पण तार एकालाच जोडलेली. दुसरा कितीही फिरवला तरी पंखा ढिम्म. लॅपटॉपमध्ये हे दोन रेग्युलेटर म्हणजे फर्मवेअर आणि ग्राफिक्स ड्रायव्हर.

याला इतिहास आहे. पूर्वी लॅपटॉप कंपन्या ब्राइटनेस बदलण्याची सोय फर्मवेअरमध्ये करून देत आणि ऑपरेटिंग सिस्टिम एसीपीआयमार्फत ती वापरत असे. लिनक्समध्ये एसीपीआय_व्हिडिओ० दिसतं ते हेच. २०१२ साली विंडोज ८ आलं आणि चाल बदलली: ब्राइटनेस थेट ग्राफिक्स ड्रायव्हरने सांभाळायचा. फर्मवेअर सुरुवातीला ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतं, तू 'विंडोज २०१२' आहेस का? हे विंडोज ८चं त्या व्यवहारातलं नाव. लिनक्सही याला 'हो' म्हणतो, कारण 'नाही' म्हटलं तर लॅपटॉपच्या इतर अनेक सोयी अर्धवट राहतात. होकार मिळाला की फर्मवेअर दिव्यावरचा हात काढून घेतं. जुनी सोय नावाला शिल्लक राहते, पण विंडोज ती वापरतच नसल्याने पुष्कळ कंपन्यांनी ती तपासून पाहिली नाही. आता कर्नलच्या दस्तऐवजांत असं सांगितलेलं होतं की एकाहून अधिक पर्याय दिसले तर डेस्कटॉपने फर्मवेअरचा पर्याय आधी घ्यावा. डेस्कटॉप इमानाने फर्मवेअरचा रेग्युलेटर फिरवत राहिले आणि त्याला तारच नव्हती. २०१२ ते २०१५च्या सुमाराचे लॅपटॉप या कारणाने सर्वांत जास्त रखडले, आणि जुन्या बाजारात आज स्वस्तात मिळतात त्यात हेच भरपूर आहेत.

यावर उपाय म्हणजे कर्नलला सुरुवातीलाच सांगणे: मालक अमुक. त्यासाठी एसीपीआय_बॅकलाइट नावाचा पर्याय आहे. त्याला 'नेटिव्ह' ही किंमत दिली की ग्राफिक्स ड्रायव्हर मालक होतो, 'व्हिडिओ' दिली की फर्मवेअर, आणि 'व्हेंडर' दिली की कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर, उदाहरणार्थ थिंकपॅडचा. वरच्या चाचणीत इंटेल_बॅकलाइटने उजेड बदलला असेल तर 'एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह' हवं. फक्त एसीपीआय_व्हिडिओ०ने बदलला असेल तर 'एसीपीआय_बॅकलाइट=व्हिडिओ'. अंदाजाने काहीच ठरवायचं नाही, चाचणीने सांगितलं तेच घालायचं.

तेही आधी तात्पुरतं घालून बघा. लॅपटॉप सुरू होताना ग्रबचा मेनू आला की पहिल्या नोंदीवर इंग्रजी 'ई' दाबा, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून हा पर्याय लिहा आणि एफ१० किंवा कंट्रोल-एक्स दाबा. मेनू दिसतच नसेल तर सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून बघा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो. जमलं नाही तर पुन्हा सुरू करा, सगळं पूर्ववत. जमलं तर उबंटू, मिंट किंवा डेबियनवर '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' या फाइलीत, मोठ्या अक्षरांतल्या 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट' या ओळीतल्या अवतरणचिन्हांच्या आत तो पर्याय कायमचा लिहा आणि 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा. फेडोरावर फाइल न उघडता 'सुडो ग्रबी --अपडेट-कर्नल=ऑल --आर्ग्ज=' याच्यापुढे तो पर्याय दिला की काम होतं. तिथे 'ऑल' मोठ्या अक्षरांत.

डिसेंबर २०२२मध्ये आलेल्या कर्नल ६.१पासून चित्र पालटलं. तेव्हा रेड हॅट या लिनक्स कंपनीत असलेले कर्नल विकसक हान्स द गूडे यांनी या भागाची मोठी फेरबांधणी केली. आता कर्नल स्वतः निवड करतो आणि एका पॅनेलसाठी एकच फोल्डर दाखवतो. अगदी योग्य बदल, फक्त चाचणी करताना लक्षात ठेवायला हवा: निवड चुकली तर दुसरं फोल्डर शेजारी दिसणारच नाही. अशा वेळी 'नेटिव्ह', 'व्हिडिओ', 'व्हेंडर' हे तिन्ही पर्याय वरच्या तात्पुरत्या पद्धतीने एकेकदा लावून, प्रत्येक वेळी आकडा लिहून बघायचा.

फोल्डर रिकामंच असेल तर

कर्नलला एकही बॅकलाइट सापडला नसेल तर पहिला संशयित 'नोमोडसेट'. इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी येत होती म्हणून 'सेफ ग्राफिक्स' निवडलेलं असतं, आणि तो शब्द नंतर ग्रबच्या ओळीत तसाच राहून जातो. त्याने खरा ग्राफिक्स ड्रायव्हर कामालाच लागत नाही, मग बॅकलाइट कुठून येणार? 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' लिहून बघा. तिथे हा शब्द दिसला तर ग्रबच्या फाइलीतून तो काढा. ब्राइटनेसबरोबर स्क्रीनचं रिझोल्यूशन आणि व्हिडिओही सुधारलेला दिसेल.

दुसरा संशयित एनव्हिडिया. गेमिंग लॅपटॉपांत दोन ग्राफिक्स असतात आणि पॅनेल कुणाला जोडायचं ते बायोसमधल्या (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणारं फर्मवेअरचं सेटिंग) एका सेटिंगवर ठरतं. फक्त एनव्हिडिया चालू ठेवलं असेल तर ते 'हायब्रिड' करून बघा, किंवा कंपनीचा ड्रायव्हर नीट बसलाय याची खात्री करा. ओलेड पॅनेलचं प्रकरण आणखी निराळं. तिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो, मंद करायला पट्टीच नसते, म्हणून ड्रायव्हर पॅनेलला संदेश पाठवून आकडा कळवतो. जुन्या कर्नलला हे जमत नसे, त्यामुळे ओलेड असेल तर आधी नवा कर्नल आणि मग बाकीचं.

बाहेरून जोडलेला मॉनिटर या फोल्डरात सहसा दिसत नाही. त्याच्यासाठी 'डीडीसीयूटिल' नावाचं वेगळं साधन आहे.

बटणाची खबर पोचते का?

आता दुसरी बाजू: स्लायडर चालतो, बटण नाही. सर्वांत आधी एफएन लॉक तपासा. अनेक लॅपटॉपांवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की वरच्या ओळीतल्या बटणांचं काम बदलतं, कधी नुसतं दाबायचं, कधी एफएनबरोबर. बायोसमध्येही ही निवड असते.

त्याने काही फरक पडला नाही तर 'इव्हटेस्ट' हे पॅकेज टाका आणि 'सुडो इव्हटेस्ट' चालवा. यादी येते. त्यात 'एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड' हा नेहमीचा कीबोर्ड, 'व्हिडिओ बस' हा एसीपीआयकडून येणारा, आणि 'डेल डब्ल्यूएमआय हॉटकीज' किंवा 'थिंकपॅड एक्स्ट्रा बटन्स' असं काही तरी कंपनीचं. प्रत्येकाचा क्रमांक देऊन ब्राइटनेसचं बटण दाबून बघायचं. योग्य ठिकाणी दाबलं की ओळ उमटते: कोड २२५, की_ब्राइटनेसअप, व्हॅल्यू १. बोट उचललं की तीच ओळ व्हॅल्यू ०सह. हे दिसलं तर कर्नलने आपलं काम चोख केलंय आणि राहिला फक्त डेस्कटॉप.

ओळ उमटते पण नाव भलतंच किंवा 'अननोन' येतं, तर कर्नलला बटण कळतंय, त्याचा अर्थ कळत नाही. 'डीमेसेज' (डी-एम-ई-एस-जी) या आज्ञेत 'अननोन की प्रेस्ड' अशी तक्रारही दिसते. इव्हटेस्टमध्ये त्याच वेळी एमएससी_स्कॅन नावाची ओळ येते, तिच्या शेवटचा आकडा टिपून ठेवा. '/ईटीसी/युडेव्ह/एचडब्ल्यूडीबी.डी' या फोल्डरात नवी फाइल बनवून त्या आकड्याला 'ब्राइटनेसअप' किंवा 'ब्राइटनेसडाउन' हे नाव द्यायचं. पहिल्या ओळीत लॅपटॉपची ओळख, दुसऱ्या ओळीत सुरुवातीला एक रिकामी जागा सोडून बटणाची. मांडणी आठवत बसू नका: '६०-कीबोर्ड.एचडब्ल्यूडीबी' ही फाइल तुमच्या सिस्टिमवर आधीच आहे, तिच्यात शेकडो लॅपटॉपांची अशी नोंद आहे, तुमच्याच कंपनीची एखादी उचलून बदला. मग 'सुडो सिस्टिमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट' आणि 'सुडो युडेव्हएडीएम ट्रिगर'.

कुठेच ओळ उमटत नसेल तर खबर फर्मवेअरमध्येच अडकते आहे. तिथे बायोस अपडेट आणि नवा कर्नल हेच दोन मार्ग.

डेस्कटॉपकडून अडलं असेल तर उपाय सोपा. एक्सएफसीईत पॉवर मॅनेजरमध्ये ब्राइटनेसची बटणं हाताळण्याचा वेगळा पर्याय आहे, तो चालू हवा. आय३ किंवा स्वे हे साधे विंडो मॅनेजर वापरत असाल तर मुळात हे काम कुणी करतच नाही, तुम्हीच सांगावं लागतं. 'ब्राइटनेससीटीएल' टाका आणि कॉन्फिगमध्ये वाढवण्याच्या बटणाला 'ब्राइटनेससीटीएल सेट +५%' आणि कमी करण्याच्या बटणाला 'ब्राइटनेससीटीएल सेट ५%-' जोडा. उणे चिन्ह शेवटी, हे विसरू नका. हे साधन रूट (प्रशासक) न होता चालतं, म्हणून ब्राइटनेसच्या फाइलीची परवानगी सगळ्यांना खुली करण्याचा तोडगा मला अनावश्यक वाटतो.

दोन सल्ले टाळावेत

'एक्सरॅन्डर'ला ब्राइटनेस ०.५ सांगून स्क्रीन काळवंडते खरी, पण एलसीडीवर दिवा पूर्वीइतकाच जळत असतो. फक्त रंग गडद होतात, काळा राखाडी भासतो आणि बॅटरीची जराही बचत होत नाही. दिव्यावर ताबा मिळवणं शक्य असताना हे करू नये.

दुसरा सल्ला एक्सऑर्गची (स्क्रीनवर चित्र उमटवणारी जुनी व्यवस्था) फाइल बनवून तिच्यात 'ड्रायव्हर इंटेल' लिहिण्याचा. एके काळी तो योग्य होता. आता बहुतेक वितरणं (उबंटू, फेडोरा वगैरे) तो जुना ड्रायव्हर वापरत नाहीत, एक्सऑर्गच्या जागी आलेल्या वेलँडवर तर त्या फाइलीकडे कुणी बघतही नाही, आणि नव्या हार्डवेअरवर ती फाइल ठेवली तर लॉगिनचा पडदाच न येण्याची शक्यता असते.

तुमच्या लॅपटॉपला एखादा पर्याय लागू पडला, तर तो स्वतःपुरता ठेवू नका. कर्नलमध्ये अशा हट्टी मॉडेलांची यादी आहे आणि सिस्टिमडीत बटणांची. वितरणाच्या बग-नोंदीत '/सिस/क्लास/डीएमआय/आयडी' या फोल्डरातलं कंपनीचं आणि मॉडेलचं नाव, बायोसची आवृत्ती, 'युनेम -आर'ने मिळणारा कर्नलचा क्रमांक, आणि कुठल्या पर्यायाने उजेड बदलला एवढं कळवलं की विकसकांना तुमचं मॉडेल यादीत घालता येतं. तसं झालेला कर्नल अपडेटमधून आला, की ग्रबमधली तुमची ओळ काढून एकदा बटणं तपासून बघा.